वरातीमागून आलेला रिपोर्ट

प्रश्न : मॅडम, मी फॅमिली डॉक्टर आहे, प्रॅक्टिसला नऊ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात माझ्या एक जुन्या पेशंट, वय ५८, चौदा पानांचा रंगीत रिपोर्ट घेऊन आल्या. सहा आठवड्यांपूर्वी त्यांना स्टेंट बसलाय. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मुलाने हौसेने आईची जेनेटिक टेस्ट करून घेतली होती. "यात माझ्या गोळ्यांबद्दल काही आहे का हो?" त्यांनी विचारलं. मी पानं चाळली. सीवायपी२सी१९ हे जनुकाचं नाव आणि त्यापुढे स्टार वन, स्टार टू असं काहीसं दिसलं. बाहेर पंधरा जण बसलेले. "ठीक आहे, बघू," म्हणालो आणि रिपोर्ट फाइलच्या मागे लावला. रात्री वाचायला बसलो तेव्हा पोटात गोळा आला. सिनियर सरांना विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं औषधं देतोय, कुणाची जनुकं बघितली नाहीत. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण." विषय मला अगदीच परका नाही. कॉन्फरन्समध्ये ऐकलंय, पटतंही. तरी आजवर एकदाही अशी टेस्ट लिहून दिलेली नाही. कळतं पण वळत नाही. हा आळस आहे की भीती? आणि आता मी काय करू?

उत्तर :

डॉक्टर, बाकीचं नंतर वाचा. आधी त्या बाईंच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावा. एवढंच सांगायचं : सहा आठवड्यांचा स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल चालू आहे, सीवायपी२सी१९ स्टार वन–स्टार टू असा रिपोर्ट आलाय, औषध बदलायचं का? तुम्ही स्वतः गोळी बंद करू नका. रिपोर्ट वाचून घाबरून बाईंनीच बंद केली नाही ना, तेही आजच विचारा. इतक्या नव्या स्टेंटमध्ये कमी काम करणारी गोळी परवडली, अचानक थांबवलेली गोळी परवडत नाही.

फोन करण्याआधी आणखी एक बघा. त्यांना ॲसिडिटीसाठी काय चालू आहे? ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल असेल तर क्लोपिडोग्रेलला कामाला लावणारं सीवायपी२सी१९ हे यकृतातलं एन्झाइमच ही गोळी दाबते. म्हणजे आधीच निम्म्या ताकदीवर चाललेल्या कारखान्याची वीज आपणच आणखी कमी करतो आहोत. पँटोप्रॅझोलचा हा त्रास बराच कमी. ही गोष्ट समजायला कुठलीही जेनेटिक टेस्ट लागत नाही, औषधांची यादी नीट वाचावी लागते. चौदा पानांच्या रिपोर्टात ही ओळ बहुधा नसेल, कारण बाई आणखी काय काय घेतात हे लॅबला कुठून ठाऊक?

आता रिपोर्टाचा अर्थ. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं. यकृतातली एन्झाइम्स त्याचं कामाच्या औषधात रूपांतर करतात आणि त्यात सीवायपी२सी१९ चा वाटा मोठा. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. बाईंची एक प्रत चांगली आहे, दुसरी, स्टार टू, निकामी. त्या मधल्या गटात आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो दोन्ही प्रती निकामी असलेल्यांसाठी. पण जनुकांवरून औषध कसं ठरवायचं हे सांगणाऱ्या सीपिक या तज्ज्ञगटाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं स्टेंट बसलेल्या पेशंटबाबत मधल्या गटालाही, शक्य असेल तर, क्लोपिडोग्रेलऐवजी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर द्या असं सुचवतात. "शक्य असेल तर" या तीन शब्दांत सगळी गोम आहे. आधी पक्षाघात किंवा टीआयए, म्हणजे पक्षाघाताचा तात्पुरता झटका, होऊन गेला असेल तर प्रासुग्रेल चालत नाही. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं आणि काहींना त्याने धाप लागते. रक्तस्रावाचा धोका दोन्हींचा जास्त. म्हणून निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा, आणि ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम.

झाला फोन? आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू.

आळस की भीती, असं विचारलंत. मला दोन्ही वाटत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. दहा हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली होती. पेशंटच्या जनुकीय फरकांचा औषधाच्या परिणामाशी संबंध असतो हे ९७.६ टक्क्यांना मान्य होतं. या टेस्टबद्दल आपल्याला पुरेशी माहिती आहे असं म्हणणारे निघाले १०.३ टक्के. म्हणजे तुमच्या भाषेत, कळतं जवळजवळ सगळ्यांनाच. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा डॉक्टरांना शिकवायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आता तसं वाटत नाही. वळायचं तर आधी रस्ता लागतो. आपण लोकांना वळण शिकवत बसलो आणि रस्ता बांधायचा राहूनच गेला.

माझीच गोष्ट सांगते. पूर्वी मी एका मोठ्या रुग्णालयात होते. अँजिओप्लास्टी झालेल्या एका गृहस्थांची हीच टेस्ट मी स्वतः हौसेने पाठवली. चौथ्या दिवशी ते घरी गेले, क्लोपिडोग्रेलवर. रिपोर्ट आला नवव्या दिवशी. तो कुणीतरी छापला, कुणीतरी फाइलला लावला आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली. आठ महिन्यांनी मी एक जुना एक्स-रे शोधत असताना तो कागद हाती लागला : दोन्ही प्रती निकामी. मी उभ्या उभ्या दोनदा वाचला. फोन केला तर त्यांनी स्वतःच उचलला, आवाज खणखणीत. काही झालेलं नव्हतं. ते त्यांचं नशीब, माझी हुशारी नव्हे. त्या प्रकरणात ज्ञान होतं, इच्छा होती, टेस्टही झाली होती. फक्त उत्तर वरातीमागून आलं आणि ते कुणी बघायचं हे ठरलेलं नव्हतं. मी टेस्ट पाठवली म्हणून माझी जबाबदारी, की डिस्चार्ज देणाऱ्याची, की पुढे गोळ्या चालू ठेवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांची? आजही तिघांना वेगवेगळं विचारलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

रक्तातल्या साखरेचं तसं नसतं. ती आज बघायची, आज वापरायची, पुढच्या महिन्यात शिळी. जनुक आयुष्यभर तेच राहतं. आज हृदयासाठी काढलेलं हेच उत्तर पाच वर्षांनी नैराश्याच्या गोळीला, सिटालोप्रामला किंवा सर्ट्रालिनला, उपयोगी पडू शकतं, कारण त्यांचं विघटनही बऱ्याच अंशी हेच एन्झाइम करतं. इतकं दीर्घायुषी उत्तर आपण तारीखवार लावलेल्या फाइलच्या तळाशी टाकतो.

तुमच्या सरांवर मात्र रागावू नका. ते अडाणीपणाने बोलत नाहीत. त्यांच्या बाजूने मी तुमच्यापेक्षा जोरात भांडू शकेन. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ या दोन जनुकांवरून डोस बराचसा सांगता येतो, ही या विषयातली लाडकी गोष्ट. २०१३ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. युरोपातली म्हणाली फायदा आहे. अमेरिकेतली म्हणाली काही फरक नाही. घ्या! एकीने तुलना ठरावीक नेहमीच्या डोसशी केली होती, दुसरीने वय-वजन वगैरे धरून काढलेल्या डोसशी. शिवाय अमेरिकेतल्या चाचणीत कृष्णवर्णीय पेशंट बऱ्यापैकी होते आणि त्यांच्यात जनुकावरून काढलेला डोस उलट कमी अचूक ठरला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत जे फरक जास्त आढळतात ते त्या गणितात धरलेच नव्हते. आणि वॉरफरिनचं कसं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, तर आपण तसाही दर थोड्या दिवसांनी बघतोच. चुकलं तर दुसऱ्या वाटेने कळतं. मग जनुकासाठी कोण थांबणार?

क्लोपिडोग्रेलचंही पूर्ण निकालात निघालेलं नाही. २०२० मध्ये टेलर-पीसीआय ही ५३०२ पेशंटची चाचणी आली. निकामी प्रत असलेल्यांत, टेस्ट करून औषध ठरवलं त्या गटात वर्षभरात ४.० टक्के जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना झाल्या. नेहमीच्या गटात ५.९ टक्के. कल दिसतो, पण संख्याशास्त्राची रेघ थोडक्यात हुकली, म्हणजे हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. ज्याला टेस्ट करायची आहे त्याने हा निकाल दाखवावा आणि ज्याला करायची नाही त्यानेही हाच दाखवावा, असा हा निकाल. दुसरीकडे उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२४ मध्ये पक्षाघात किंवा टीआयएनंतर क्लोपिडोग्रेल देण्याआधी ही टेस्ट करा अशी शिफारस केली. जनुक तेच, औषध तेच. कुणी कुठल्या उंचीवर उभं राहून पाहतंय यावर सगळं.

आता याच्या अगदी उलट टोक. एचआयव्हीवरचं अबाकाविर हे औषध काहींना भयंकर ॲलर्जी देई. एचएलए-बी*५७:०१ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना ते द्यायचंच नाही असं ठरवून १९५६ पेशंटची चाचणी झाली, निकाल २००८ मध्ये आला. त्वचेच्या चाचणीने पक्की झालेली ॲलर्जी टेस्ट न केलेल्या गटात २.७ टक्के, टेस्ट केलेल्यांत शून्य. यानंतर कुठल्याच डॉक्टरला पटवत बसावं लागलं नाही. तेच डॉक्टर, तीच जनुकं, मग इथे कसं वळलं? कारण उत्तर हो किंवा नाही असं होतं, डोसाचं गणित नव्हतं. पर्यायी औषध हाताशी होतं. आणि एचआयव्हीचा उपचार एखाद्या आठवड्याने सुरू झाला तर सहसा चालतं, रिपोर्टची वाट बघता येते. स्टेंट टाकून पेशंट टेबलावर असताना ती बघता येत नाही.

आपण "जेनेटिक टेस्टिंग" असं एकच नाव घेतो आणि त्याखाली अबाकाविर, वॉरफरिन आणि तुमच्या बाईंचा चौदा पानी रिपोर्ट एकत्र कोंबतो. सर जेव्हा "हे सगळं फॅड आहे" म्हणतात तेव्हा त्यातल्या एक तृतीयांशाबद्दल त्यांचं बरोबर असतं.

टेस्ट सक्तीची केली की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हाँगकाँगचं उदाहरण सांगते. कार्बामॅझेपिन या फिट्सवरच्या औषधामुळे काहींना स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो, अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटते. ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांना असे ४४ रुग्ण मिळाले आणि ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार सापडला. इतका स्वच्छ धागा वैद्यकात क्वचित हाती लागतो. २००८ मध्ये हाँगकाँगने धोरण केलं : कार्बामॅझेपिन सुरू करण्याआधी ही टेस्ट करायची. पुढे हिशेब मांडला तेव्हा कार्बामॅझेपिनमुळे होणारा तो आजार खरोखर नाहीसा झाला होता. पण फेनिटॉइन या फिट्सवरच्याच दुसऱ्या औषधामुळे होणारा वाढला होता. एकूण बेरीज जवळपास तिथेच. डॉक्टरांनी काय केलं, तर टेस्ट आणि तिची वाट बघणं टाळण्यासाठी कार्बामॅझेपिन लिहिणंच सोडलं आणि जी टेस्टशिवाय देता येत होती ती गोळी दिली. तिलाही त्याच जनुकाचा धोका आहे! आगीतून फुफाट्यात.

त्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. समोर फिट येणारा मुलगा, त्याची आई, आणि टेबलावर दोन औषधं : एकासाठी थांबायचं, दुसऱ्यासाठी नाही. मीही त्या जागी दुसरंच उचललं असतं, आणि तुम्हीही. "बाहेर पंधरा जण बसलेले" हे वाक्य तुम्ही पत्रात उगाच लिहिलेलं नाही.

म्हणून ज्यांनी उत्तर आधीच काढून ठेवलं त्यांचं मला जास्त पटतं. २०२३ मध्ये युरोपातल्या सात देशांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ६९४४ पेशंट. बारा जनुकं एकदाच तपासली आणि निकाल औषध लिहिणाऱ्याच्या हाती दिला; त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. यात डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही टेस्टचं माहीत होतं, त्यामुळे आकडा थोडा फुगला असेल, हे धरून चाला. मला त्यातली एक साधी गोष्ट आवडली. पेशंटला पाकिटात मावणारं प्लास्टिकचं कार्ड दिलं होतं. डॉक्टर बदलला, फाइल हरवली तरी उत्तर पेशंटच्या खिशात.

तुमच्यासाठी व्यवहार असा. "आता मी जनुकं शिकणार" असा संकल्प करू नका. तो दोन आठवडे टिकतो. एकच औषध धरा. तुम्ही फॅमिली डॉक्टर, तेव्हा क्लोपिडोग्रेल बरं, पेशंट तुमच्याकडे वर्षानुवर्षं येत राहतात. टेस्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारा : उत्तर वाईट आलं तर मी काय बदलणार, आणि चांगलं आलं तर? दोन्हींचं उत्तर "काहीच नाही" असेल तर टेस्ट लिहू नका, सरांचं अवलक्षण तेच. रिपोर्ट कधी येणार, कुणाच्या हाती पडणार, पेशंटला कोण कळवणार, हे टेस्टच्या कागदावरच लिहून टाका. मी त्या नऊ दिवसांनंतर हेच शिकले.

सीपिकबद्दल बरेच जण फसतात, म्हणून सांगून ठेवते. जनुकाचं उत्तर हाताशी असेल तर औषध कसं ठरवायचं, एवढंच ती तत्त्वं सांगतात. टेस्ट करावी की नाही हे ती मुद्दाम सांगत नाहीत. तुमच्यापुढे रिपोर्ट आलेलाच आहे, म्हणजे तुम्ही त्यांच्या अंगणात आहात. रिपोर्ट नसलेल्या शेजारच्या पेशंटसाठी तीच पानं उघडलीत तर गप्प बसलेली दिसतील.

आणि "नॉर्मल" शब्दाला भुलू नका. स्टार वन म्हणजे लॅबने जे ठरावीक फरक शोधले त्यातला एकही सापडला नाही. शोधलेच नाहीत ते फरक असूही शकतात. कुठले शोधले ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते पान तेवढं वाचायचं.

रंगीत रिपोर्टातली मानसोपचाराची पानं तुम्ही उघडाल, लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांनी भरलेली. तिथे हात आखडता घ्या. नैराश्याची गोळी जनुकावरून निवडण्याच्या दाव्यांबद्दल एफडीएने २०१८ मध्येच सावध केलं होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १९४४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत अधूनमधून थोडा फायदा दिसला, पण २४ आठवड्यांनंतर बरं होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक उरला नाही. चांगल्या चाललेल्या गोळीवर लाल खूण आहे म्हणून ती बदलू नका. पेशंट बरा आहे, ही सगळ्यात मोठी टेस्ट.

"उद्या काही झालं तर माझ्यावर येईल का" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते शब्दांच्या मागे उभं आहे. टेस्ट न केल्याने काय होईल हे नियम आणि परिस्थितीनुसार बदलेल. पण हाती आलेला रिपोर्ट न वाचता फाइलला लावणं याचं समर्थन कुठेच करता येणार नाही. वाचलात, कुणाशी बोललात, काय ठरलं : तीन ओळी, तारीख, सही.

सरांना पुढच्या वेळी जनुकं म्हणू नका. म्हणा, "सर, या बाईंना क्लोपिडोग्रेल कमी लागू पडत असावं असं दिसतंय, हृदयवाल्यांशी बोललो." तीस वर्षं औषधं दिलेल्या माणसाला "लागू पडणं" ही भाषा आपली वाटते. पेनिसिलीनची ॲलर्जी विचारल्याशिवाय तेही इंजेक्शन देत नाहीत ना?

त्या ॲलर्जीच्या ओळीखालीच जागा करा. बाईंच्या फाइलचं पहिलं पान काढा, लाल शाईने लिहा : सीवायपी२सी१९, एक प्रत निकामी, क्लोपिडोग्रेल देण्याआधी विचार करा. तेच एका छोट्या कार्डावर उतरवून बाईंच्या पर्समध्ये जाऊ द्या, आणि मुलालाही सांगा की आईच्या प्रत्येक नव्या डॉक्टरला चौदा पानं नव्हे, हे कार्ड दाखवायचं. तज्ज्ञांनी फोनवर काय सांगितलं ते मला जरूर कळवा.